उन्मादातले भ्रम आणि नैराश्यातले भ्रम

बायपोलर-१ हा माणसाला उन्माद (मनाची बेफाम उसळी) आणि बहुधा नैराश्य यांत हेलकावे देणारा विकार. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना आयुष्यात कधीतरी भ्रम (खोट्या पण ठाम समजुती) किंवा भास (नसलेले दिसणे वा ऐकू येणे) होतात. उन्मादात ते अधिक आढळतात आणि बहुधा मनःस्थितीचाच रंग घेऊन येतात. मालवणच्या बंदरावर चार रात्री न झोपलेला तांडेल (होडीचा प्रमुख) ‘सगळा दर्या देवाने माझ्या नावावर केला’ असे सांगत उधारीवर नव्या होडीचा सौदा करू लागतो, तेव्हा गाव लगेच जमते, देवाला गाऱ्हाणे घातले जाते आणि उशिरा का होईना, डॉक्टर गाठला जातो. तोच माणूस नैराश्यात पडवीच्या कोपऱ्यात बसून, पेजेच्या वाटीला हात न लावता, ‘माझ्या पापामुळे मासळी आटली’ असे पुटपुटतो, तेव्हा घरच्यांना तो केवळ खचलेला वाटतो. माझ्या मते ही दुसरी अवस्थाच अधिक धोक्याची आहे, कारण अपराधाच्या भ्रमामागून आत्महत्येचा विचार दबक्या पावलांनी येतो. उन्मादात मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटसोबत भ्रम-भास शमवणारे मनोविकृतीविरोधी औषध देतात. नैराश्यात मात्र नुसती नैराश्यविरोधी गोळी उन्माद उसळवू शकते, म्हणून पूर्वीचा उन्माद डॉक्टरांना सांगावाच लागतो, आणि तीव्र अवस्थेत विद्युत-उपचार (भूल देऊन मेंदूला दिलेले नियंत्रित विद्युतझटके) गुणकारी ठरतात. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मोफत बोलता येते.