प्रागमध्ये ३०० युरोची टोपी घातली मला, उन्हाळी कोर्सला जाणाऱ्यांनी वाचा

लिहिणार नव्हतो. आई म्हणाली झालं गेलं, आता गावभर सांगून काय मिळणार आहे. पण आमच्या बडोद्याच्या फतेगंजमध्ये एकेका बिल्डिंगीत फॉरेनला पाठवणाऱ्यांची चार चार ऑफिसं आहेत आणि त्यातला एकही माणूस पोरांना हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आधी आकडा, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको. ३०० युरो. अलकापुरीत मनी चेंजरकडनं ९२.४० च्या भावानं घेतलेल्या पन्नासच्या सहा करकरीत नोटा, २७,७२० रुपये. त्यातले परत किती आले ते पुढं येईलच, फार काही आले नाहीत.

मी आर्किटेक्चरला आहे. जुन्या इमारतींच्या जतनाचा उन्हाळी कोर्स होता प्रागला, जुलै २०२४. फी, व्हिसा, तिकीट सगळं बाबांनी भरलं, वरखर्चाला फॉरेक्स कार्ड आणि हे रोख युरो. चेक रिपब्लिक युरोपियन युनियनमध्ये २००४ पासून आहे पण पैसा त्यांचा अजून स्वतःचाच आहे, कोरुना. हे मला माहीत होतं, अगदीच बावळट समजू नका. तिथं गेल्यावर बदलू असं ठरलं होतं आणि एजंटही तेच म्हणाला होता, “कंई टेन्शन नथी, त्यां बधुं चेंज थई जाय.” थई गयुं बरोबर.

पोचलो गुरुवारी रात्री. हॉस्टेलच्या ईमेलमध्ये लिहिलेलं की डिपॉझिट ३,००० कोरुना, रोख, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. शुक्रवारी सकाळी बँक शोधायला निघालो तर बँका बंद! ५ आणि ६ जुलैला त्यांच्याकडं सुट्टी असते, ५ ला सिरिल आणि मेथोडियस या दोन संतांची आणि ६ ला धर्मसुधारक यान हुसची, ज्याला १४१५ साली जिवंत जाळलं होतं. त्याला लागून रविवार. म्हणजे आदल्या रात्री परदेशातनं उतरलेल्या पोरांकडं सुट्टीच्या दिवशी रोख पैसे मागायचे, हे कुठल्या हुशार माणसाच्या डोक्यातनं निघालं देव जाणे, पण सुरुवात तिथनं झाली हे मी कायम म्हणणार.

एटीएममधनं काढायचे ना, असं आता सगळे मला शिकवतात. कार्ड युरोचं होतं, कोरुना काढले की क्रॉस करन्सीचा चार्ज वेगळा आणि मशीनचा वेगळा. शिवाय तिथली टुरिस्ट एरियातली मशीनं विचारतात की आमच्या रेटनं कन्व्हर्ट करू का, तिथं कायम नको दाबायचं, हो दाबलंत की संपलं, हे एक लक्षात ठेवा. खिशात ३०० युरो असताना मी कार्ड कशाला घासू? तुम्ही घासलं असतं?

तर चालत निघालो. शहर बघायचंच होतं. जुन्या गावातला मोठा चौक, मधे त्याच हुसचा १९१५ सालचा भलामोठा काळपट पुतळा, आणि टाऊन हॉलच्या भिंतीवर ते १४१० सालचं घड्याळ. तास वाजला की सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांमधनं प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, एकामागोमाग एक फिरतात आणि बाजूला पैशांची थैली धरलेला एक कंजूस मान हलवून नाही नाही म्हणत असतो. खाली चार-पाचशे माणसं माना वर करून मोबाईल धरून उभी. (खिसे कापायला याच्यापेक्षा चांगली वेळ नाही, सॅक पुढं घ्या.) मी घेतली होती सॅक पुढं. पासपोर्ट आतल्या खिशात. मी सगळी काळजी घेत होतो हो.

चौकातनं निघालेल्या एका गल्लीत पैसे बदलायचं छोटं दुकान होतं, वर मोठ्या अक्षरात झिरो कमिशन. बोर्डावर युरोचा भाव २१.५०. मोबाईलवर बघितलं तर त्या दिवशी २५.२० च्या आसपास. म्हणजे ३०० चे ७,५६० यायला पाहिजेत तिथं हा ६,४५० देणार, अकराशे कोरुना सरळ खिशात घालणार. मी बाहेर उभा राहून हाच हिशेब करत होतो तेवढ्यात शेजारी एक माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, चष्मा. बोर्डाकडं बोट करून म्हणाला, “नो नो, डोन्ट गो देअर, दे आर थीव्ह्ज.”

म्हणजे बघा, तो मला फसवणुकीपासून वाचवायला आला होता.

इंडियन का, स्टुडंट का, माझी मुलगी पण शिकते, वगैरे झालं. मग म्हणाला आम्ही उद्या क्रोएशियाला सुट्टीला चाललोय, मला युरो पाहिजेत, बँक बंद, मी २६ नं देतो, तुझाही फायदा माझाही फायदा. आता सांगा यात काय खोटं वाटतं? बँका बंद आहेत हे मी डोळ्यांनी बघून आलेलो. क्रोएशियात २०२३ पासून युरो चालतो हे मला माहीत होतं, मी मनातल्या मनात ते तपासूनसुद्धा घेतलं. चेक लोक उन्हाळ्यात तिकडं समुद्रावर जातात हेही विमानात शेजारच्या बाईनं सांगितलेलं. एकूण एक गोष्ट जुळत होती. अभ्यास करून उभे असतात हे लोक, कॅलेंडर बघून उभे असतात.

२६ नं ७,८०० झाले. त्यानं आधी पैसे माझ्या हातात दिले, युरो मागितले पण नाहीत. मी मोजले. ५,००० ची एक, २,००० ची एक, ५०० ची एक, २०० ची एक. ७,७००. मी म्हणालो शंभर कमी आहेत. तो ओ सॉरी सॉरी म्हणाला, माझ्या हातातनं गड्डी परत घेतली, पाकिटातनं शंभरची काढून वर ठेवली, दुमडली आणि दिली.

इथं. हीच ती जागा. रात्री झोप येत नाही तेव्हा मी इथंच येऊन थांबतो. शंभर कमी होते तर शंभरची एक नोट वरनं द्यायची ना, सगळी गड्डी परत कशाला पाहिजे? आमचे बाबा मांडवीत सोनं घ्यायला गेले की मोजलेली रक्कम परत दुकानदाराच्या हातात जाऊ देत नाहीत, गेलीच तर पहिल्यापासून पुन्हा मोजतात, आम्ही लहानपणी वैतागायचो की बाबा चला ना. ते सगळं बघत वाढलो मी. पण शंभर कमी आहेत हे मी पकडलं होतं ना, म्हणजे मीच हुशार ठरलो होतो ना त्या क्षणी, आणि त्यांना नेमकं तेच पाहिजे असतं. शंभर मुद्दाम कमी ठेवतात. जो मोजतो त्याच्यासाठीच हा डाव आहे, न मोजणाऱ्याला एवढी मेहनत कोण घेतंय.

मी युरो दिले आणि पुन्हा मोजणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दुसरा एकजण काहीतरी ओरडला, त्यात पोलिस असा शब्द आला. चष्मेवाला म्हणाला रस्त्यावर बदलणं अलाउड नाही, गो गो. आणि मी गेलो. व्हिसावर आलेला मुलगा आणखी काय करणार, उभा राहणार? वर दिसत होते ते २०० आणि १०० खरे कोरुना होते.

संध्याकाळी हॉस्टेलच्या काउंटरवर ५,००० ची नोट ठेवली. त्या बाईनं ती उचलली पण नाही, एका बोटानं माझ्याकडं सरकवली. म्हणाली, हंगेरियन. मी म्हणालो व्हॉट? तिनं नखानं नोटेवरचा शब्द दाखवला, ठळक अक्षरात फोरिंट. २,००० ची तीच, ५०० ची तीच. ७,५०० फोरिंट म्हणजे जेमतेम १९ युरो. चेक ५,००० वर मासारिक आहे, मिशीवाला. हंगेरियन ५,००० वर सेचेनी आहे, तोही मिशीवाला. ५००, २,०००, ५,००० तिन्ही नोटा दोन्ही देशांत आहेत. नवीन माणसानं मिशांवरनं ओळखायचं का? आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट, त्याच बाईनं मग ड्रॉवरमधनं कार्डाचं मशीन काढून समोर ठेवलं. मशीन होतं! मी ईमेल दाखवला तर म्हणाली तो जुना आहे.

तसाच पळत त्या दुकानावर गेलो, अर्थात तो माणूस कशाला असेल तिथं. दुकानातल्या पोरानं काचेवरची सूचना दाखवली. १ एप्रिल २०१९ पासून कायदा आहे की दुकानात बदललेले पैसे, १,००० युरोपर्यंत, तीन तासांच्या आत पावती दाखवून परत करता येतात, कारण सांगायची पण गरज नाही. म्हणजे त्या २१.५० वाल्या लुटारू दुकानात मी बदलले असते, वर जाऊन कॉफी पीत आजूबाजूच्या गल्ल्यांमधले रेट बघितले असते आणि परत येऊन सौदा मोडला असता, तरी कायदा माझ्या बाजूनं होता. रस्त्यावरच्या माणसाला हा कायदा लागूच नाही. पावती घ्या, पावती जपा, आणि काचेवर काय चिकटवलंय ते वाचा.

मग पोलीस चौकी. आता ऐका. दोन तास बाकावर बसवलं. दुभाषा फोनवर. पहिला प्रश्न काय, तर रस्त्यावर का बदललेस? मी म्हणालो बँका बंद होत्या, तर म्हणे एटीएम होतं. भिंतीवर पोस्टर होतं, रस्त्यावर पैसे बदलू नका, आणि त्या पोस्टरवर फोरिंटच्याच नोटांचा फोटो! म्हणजे तुम्हाला डाव माहीत, नोटा माहीत, गल्ल्या माहीत, फक्त माणूस तेवढा माहीत नाही? मी म्हणालो तिथं वर कॅमेरा आहे, बघा ना. नुसती मान हलवली. मग त्या ऑफिसरनं कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि शांतपणे सांगितलं की १०,००० कोरुनाच्या खालचं नुकसान त्यांच्याकडं गुन्हा होत नाही, किरकोळ प्रकार होतो. २०२० पर्यंत ही मर्यादा ५,००० होती, तेव्हा मी आलो असतो तर गुन्हा झाला असता! माझं नुकसान मोठं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या बाकावर खरंच वाटलं. शेवटी चेक भाषेतला दोन पानी कागद दिला, सही घेतली, चला.

इकडं बडोद्यात बाबांनी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. ते म्हणाले हे सायबर नाही. बरोबर आहे, सायबर नाही, पण मग कुठं लावायचा ते तरी सांगाल? जवळच्या ठाण्यात गेले तर, “काका, आ तो त्यांनो मामलो छे, अमे शुं करीए?” आणि वर सल्ला, पोराला एकट्याला पाठवायचं नाही. माझं वय २१ आहे. एजंट फोनच उचलेना, उचलला तेव्हा म्हणाला आमच्या ओरिएंटेशनमध्ये सांगितलेलं असतं. त्या ओरिएंटेशनमध्ये पाऊण तास फक्त थेपले किती किलो न्यायचे यावर चर्चा झाली होती, मी पहिल्या रांगेत होतो. कोर्सवाल्यांनी सोमवारी सगळ्यांना सुरक्षेचं पत्रक वाटलं. सोमवारी! मुलं गुरुवारी उतरतात.

एकच माणूस कामाला आला, वर्गात बुडापेस्टची एक मुलगी होती, तिनं ते ७,५०० फोरिंट खऱ्या भावानं घेतले आणि ४७० कोरुना दिले. पोट धरून हसली आधी, पण दिले. ३०० खरे होते ते धरून ७७०. म्हणजे नुकसान साधारण २६९ युरो, २४,९०० रुपये. बाबांना मी अजून २०,००० च सांगितलेत, ते हे वाचणार नाहीत.

पुढचे दिवस फुकटात काय बघता येतं तेच बघत फिरलो. १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल पहाटे पाचला रिकामा असतो आणि पैसे लागत नाहीत. किल्ल्याची अंगणं फुकट आहेत, तिकीट आतल्या इमारतींचं. विशेहराड या जुन्या गडाच्या तटावरनं नदी मस्त दिसते, तिथं कोणी चेंज मनी म्हणायला येत नाही. ट्रॅममध्ये तिकिटाला कार्ड चालतं, पाण्याच्या बाटलीला कार्ड चालतं, खरं सांगतो रोख पैसा तिथं जवळजवळ लागतच नाही, हॉस्टेलच्या जुन्या ईमेलला सोडून. नोट हातात आली की आकडा नंतर, आधी शब्द वाचा, कोरुना लिहिलंय का. हातात आलेला पैसा परत द्यायचा नाही, कोणी पोलिस म्हणून ओरडलं तरी नाही. आणि तिथल्या ११२ या इमर्जन्सी नंबरवर इंग्रजी समजतं, हे मला कोर्स संपताना कळलं.

इन्शुरन्सचं प्रकरण चालूच आहे. पॉलिसी घेताना सगळं कव्हर होतं. क्लेम टाकल्यावर पहिला मेल आला की पोलीस रिपोर्ट इंग्रजीत पाहिजे, प्रमाणित भाषांतरासह. त्याचे एकानं २,८०० रुपये सांगितलेत. दुसऱ्या मेलमध्ये आहे की स्वतःहून हातात दिलेली रोख रक्कम पॉलिसीत बसत नाही, तरीपण भाषांतर पाठवा, त्याशिवाय फाईल बंद करता येत नाही. बडोद्यात किंवा अहमदाबादला चेक वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवा, २,८०० मी देणार नाही.