तपासणीच्या टेबलावर न झोपवताच ठरलेलं ऑपरेशन

दिवाळीनंतर आईची कंबर धरली, उजव्या पायात कळ जायला लागली. आम्ही पंचवटीत राहतो. ओळखीच्यांनी सुचवलं म्हणून नाशिकमधल्याच एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेलं. दोन तास बाहेर बसलो, आत जेमतेम चार मिनिटं. आई स्टुलावरून उठलीसुद्धा नाही. छापील चिठ्ठीवर एमआरआयपुढे टिक केली, चिठ्ठीवर एकाच सेंटरचं नाव. म्हणाले, "दुसरीकडचा रिपोर्ट मी बघत नाही." मला तिथेच खटकायला हवं होतं.

सेंटरवरच्या मुलीने पेशंटच्या आधी डॉक्टरांचं नाव विचारलं. साडेसात हजार भरले. शेजारच्या काकांचा तोच एमआरआय तिथेच साडेचार हजारांत झाला, कारण त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कमिशन नको, पेशंटला सवलत द्या.' पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच बंदी आहे. आमच्याकडे ही कमिशनची 'कट प्रॅक्टिस' सगळ्यांना माहीत असते, पण आजारी माणूस समोर असताना तोंड उघडत नाही.

रिपोर्ट बघून म्हणाले, "मणक्याची गादी सरकलीय. उद्याच अ‍ॅडमिट करा, नाहीतर पाय लुळा पडेल." आई रात्रभर रडली. मी पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. मामा अडून बसला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी फिल्म बाजूला ठेवली. आईला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, आडवं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. लघवीवर ताबा आहे ना, जांघेत बधिरपणा नाही ना, हेही विचारलं. मग म्हणाले, "मावशी, गादी या वयात बऱ्याच जणांची सरकलेली दिसते. तुमच्या पायात ताकद आहे, घाई नाही." गोळ्या, व्यायाम, सहा आठवडे. आता ती बुधवारच्या बाजारात पिशवी घेऊन स्वतः जाते.

पहिल्या ठिकाणी कागद मागितले तर टाळाटाळ. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या; नियमाने ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मिळाल्यावर नीट वाचा. आमच्या केसपेपरवर लिहिलंय, 'उजवा पाय ३० अंशांपर्यंतच उचलता येतो.' त्या टेबलावर आई झोपलीच नव्हती. तोच कागद जोडून मी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली आहे.