टाकीतला डिझेल पंप घरी बदलला, त्याला आता आठ महिने झाले

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, कॉमनरेल इंजिन (म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल मिळतं), पंप गेला तेव्हा १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेले. आठ महिन्यांत आणखी साधारण नऊ हजार झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळंच भारी वाटतं.

दिवाळीनंतर चिपळूणहून कराडला निघालो होतो. पोफळी सोडली, कुंभार्ली घाट अर्धा चढलो आणि पिकअप गेला. दुसऱ्या गिअरलाही ओढेना, मग बंदच पडली. त्याआधी दोन आठवडे सकाळी सेल्फ लांब मारावा लागत होता, त्याला मी फिल्टर तुंबलाय असं समजून नवा फिल्टरही टाकला होता. घाटात दहा मिनिटं सेल्फ मारून बॅटरी अर्धी केली. मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला, चावी फिरवायला सांगून मागच्या सीटला कान लावला आणि म्हणाला, "साहेब, पंपाचा आवाजच न्हाई. टाकीला खालनं दोन दणके द्या की." व्हील पान्याला फडकं गुंडाळून त्यानेच दिले. सूंऽऽ असा आवाज आला, गाडी चालू! कराड रद्द केलं आणि उतारावरून तशीच घरी आणली.

दणका दिल्यावर पंप फिरतो, याचा अर्थ बहुतेक वेळा मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बन ब्रश झिजलेत. तरी घरी येऊन नीट तपासलं. फ्यूज चांगला. रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघितला, तोही चांगला. मागची सीट उचलून पंपाच्या कनेक्टरला मीटर लावला, चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट बरोबर येत होते. वीज पोचते आणि पंप गप्प, म्हणजे दोष पंपातच. मोबाईलला जोडायच्या स्कॅनरवर पी-००८७ कोड होता, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. सेल्फ मारताना रेलचा दाब ८० बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जात नव्हता. इतक्या कमी दाबाला कॉमनरेलचा कॉम्प्युटर सहसा इंजेक्टर उघडतच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गॅरेजमध्ये याच जागी बिल फुगतं. या गाडीत पंप दोन आहेत. टाकीतला छोटा इलेक्ट्रिक पंप डिझेल थोड्या दाबाने पुढे ढकलतो. इंजिनवरचा हाय-प्रेशर पंप ते हजार-दीड हजार बारपर्यंत दाबतो. एका गॅरेजने गाडी न उघडताच दोन्ही बदलायचे सांगून ३८ हजारांचा अंदाज दिला. मी फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात ओतलं आणि उन्हात टॉर्च मारून बघितलं, तळाला चुंबकही फिरवला. चमचम करणारी बारीक धातूची भुकटी दिसली असती, तर मीही गुपचूप गाडी गॅरेजला दिली असती. कारण मग हाय-प्रेशर पंप आतून खरवडला जातोय आणि ती भुकटी इंजेक्टरपर्यंत गेली असण्याची भीती असते. भांड्यात थोडी काळी गाद होती, बाकी काही नाही.

पुण्यातल्या नाना पेठेतून भाऊ फक्त मोटर-पंप आणि जाळी घेऊन आला, ३,२०० रुपये. फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता तुकडा), टाकीवरचं झाकण, पंपाचं घर असा पूर्ण सेट ११ हजारांच्या पुढे सांगत होते.

प्रत्यक्ष काम रविवारी सकाळी केलं. टाकीत पाव भागापेक्षा कमी डिझेल ठेवलं होतं, भरलेल्या टाकीवर हे करायला जाऊच नका. बॅटरीची मायनस काढली, चारही दरवाजे उघडले, डोळ्यांना चष्मा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण म्हणून तापणारा हॅलोजन दिवा लावून उघड्या टाकीवर वाकायचं नसतं. मागच्या सीटखालचं टाकीचं झाकण उघडायच्या आधी भोवतालची माती ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढली. यातच अर्धा तास गेला आणि तो सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास होता. त्या खळग्यात दहा वर्षांची धूळ साठलेली असते, झाकण सैल झालं की ती सरळ टाकीत.

झाकण घट्ट धरणारी लॉक रिंग जाम होती. लोखंडी छन्नी लावायचा मोह झाला, पण रिंग प्लास्टिकची, तुटली असती. सागवानी पट्टी टेकवून रबरी हातोड्याने थोडं थोडं फिरवत काढली. सेट बाहेर काढताना तिरका करावा लागतो, तेव्हा फ्लोटची तार जरा वाकली. त्याचं पुढे सांगतो. आतली नायलॉनची नळी जुन्या पंपावरून कापूनच निघाली, सुदैवाने नव्या पंपाबरोबर एक तुकडा आला होता. तो कडक, निपलवर चढेना. कपभर उकळत्या पाण्यात मिनिटभर धरला आणि मग गपकन बसला. टाकीच्या तळाला पाण्याचे दोन-तीन मोठे थेंब फिरत होते, ते पुसून घेतले.

सेट परत बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, कोरडा फिरला तर नसलेला आजार ओढवून घ्याल. पंधरा लिटर डिझेल ओतलं, चावी दहा-बारा वेळा ऑन-ऑफ केली, प्रत्येक वेळी मागून सूंऽऽ ऐकलं, फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढली. मग सेल्फ, एका वेळी आठ सेकंदांपेक्षा जास्त नाही. तिसऱ्या वेळी गाडी खोकत खोकत चालू झाली. हाताला डिझेलचा वास, म्हणून आईने मात्र चार दिवस ताटाला हात लावू दिला नाही. बेसनाने हात धुवून वास जातो म्हणतात, थोडा जातो.

आता आठ महिन्यांचं. सकाळचा सेल्फ पहिल्यासारखा छोटा. घाटात पिकअप पूर्ण. मायलेज १९-२० होतं, तेवढंच आहे. नव्या पंपाने मायलेज वाढतं असं सांगणाऱ्यांना नमस्कार. आवाज मूळ पंपापेक्षा जास्त आहे, खिडक्या बंद करून सिग्नलला उभं राहिलं की मागून बारीक गुणगुण ऐकू येते. सवय झाली. बसवला तेव्हा पंप ५.२ अँपिअर घेत होता, गेल्या महिन्यात ५.४. मोटर जड फिरायला लागली की हा आकडा चढतो, म्हणून मी तो दर तीन-चार महिन्यांनी बघतो.

माझी खरी चूक ओ-रिंगची. झाकणाखालची जुनी रबरी रिंग दिसायला चांगली होती, म्हणून तीच लावली. डिझेलमध्ये राहून ती फुगते आणि खाचेत परत नीट बसत नाही. टाकी पाव-अर्धी असेपर्यंत काही कळलं नाही. जानेवारीत टाकी फुल करून कराडला लग्नाला निघालो, तर घाटाच्या चढावर मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, रॉकेलचा वास येतोय." सीट उचलली तर झाकणाभोवती डिझेलची ओली कड. नवी ओ-रिंग १४० रुपयांची. पंपासोबतच घेतली असती तर सगळं दुसऱ्यांदा उघडावं लागलं नसतं.

फ्लोटच्या वाकलेल्या तारेमुळे डिझेलचा काटा रिकामी टाकी दाखवतो तेव्हा आत अजून आठ-नऊ लिटर असतात. मुद्दाम तसाच ठेवलाय. हा पंप भोवतालच्या डिझेलनेच थंड राहतो आणि मी वर्षानुवर्षं रिझर्व्हवर गाडी पळवली. जुना पंप पक्कडीने फोडून बघितला तर एक ब्रश जेमतेम दोन मिलिमीटर उरलेला, ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरला खोल चर.

पूर्ण सेट घ्यायचा की नुसती मोटर? घर आणि झाकण शाबूत असेल आणि काटा नीट चालत असेल, तर मी परत नुसती मोटरच घेईन. झाकणाला तडा असेल तर पैसे वाचवू नका. आणि ज्या गाडीत पंपासाठी टाकी खाली उतरवावी लागते, तिथे घरच्या जॅकवर हा उद्योग करू नये.

परवा भर पावसात, धुक्यात, टाकी फुल करून कुंभार्ली चढलो. आई मागे झोपली होती. वास आला असता तर उठली असती.