मोनार्कसाठी केप मे: निघण्याआधी वारा बघा

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाचं केप मे पॉइंट स्टेट पार्क दक्षिणेकडे स्थलांतर करणाऱ्या मोनार्क फुलपाखरांसाठी पूर्व किनाऱ्यावरच्या सर्वोत्तम जागांपैकी एक आहे. प्रवेश फुकट. एडिसनहून दोन-अडीच तास. तरीही कितीतरी लोक हात हलवत परततात, कारण ते सोयीचा शनिवार बघून जातात.

हंगाम मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. त्यातही थंड हवेची आघाडी सरकून वायव्येचा वारा सुटला की एक-दोन दिवसांत पोहोचावं. हा वारा फुलपाखरांना किनाऱ्याकडे ढकलतो. टोकाला जमीन संपते, पुढे डेलावेअरच्या उपसागराचं सुमारे १८ किलोमीटर पाणी. मग ती तिथेच थबकतात, वाळूच्या टेकड्यांवरच्या गोल्डनरॉडच्या पिवळ्या फुलांवर मध पितात. सलग दक्षिणेचा वारा असेल तर बेत पुढे ढकला.

दुर्बीण आठपट पुरे, पण दोन मीटरवरचं स्पष्ट दिसायला हवं. पक्ष्यांसाठीच्या अनेक दुर्बिणी इथेच कमी पडतात. व्हाइसरॉय नावाचं फुलपाखरू हमखास फसवतं. त्याच्या मागच्या पंखावर आडवी काळी रेघ असते, मोनार्कला ती नसते. आपल्या रुईवर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू ओळखणाऱ्याला ही चण लगेच परिचयाची वाटेल; दोन्ही एकाच कुळातली, आणि मोनार्कची अळी ज्यावर वाढते ते मिल्कवीड हे रुईचंच भावंड.

इथली खरी श्रीमंती म्हणजे १९९० पासून मोनार्कच्या स्थलांतराची नोंद ठेवणारा मोनार्क मॉनिटरिंग प्रोजेक्ट. त्यांचं टॅग लावण्याचं प्रात्यक्षिक चुकवू नये. दिवस-वेळ आधी तपासा, हवामानावर फरक पडतो. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधल्या मोठ्या कप्प्यावर, क्रमांकाचा छोटा गोल स्टिकर चिकटवतात. कडेला लावला तर उडण्याचा तोल बिघडतो. नर ओळखायचा तो मागच्या पंखांवरच्या दोन काळ्या ठिपक्यांवरून. मुलांना पुढे उभं करा, सगळं हातभर अंतरावर दिसतं.

दुपारी परतू नका. संध्याकाळी वाऱ्याच्या आडोशाची सीडार आणि पाइनची झाडं शोधा. मिटलेले पंख वाळक्या पानांसारखे दिसतात, म्हणून नजर फांदीवर ठरू द्या. फांदी हलवू नका: गारठ्यात पडलेल्या फुलपाखराला परत उडता येत नाही. मुक्काम असेल तर पहाटे त्याच झाडाखाली उभं राहा. ऊन फांदीवर पोहोचलं की पंख एकेक करून उघडू लागतात.