द वे ही लुक्स: कानात सांगितलेला सिनेमा

शाळेतल्या पोरांच्या प्रेमावरचे, त्यातही मुलाचं मुलावर मन जडतं असले सिनेमे मी हुडकून बघतो. बहुतेकांत शेवटी कुणीतरी मार खातो, घर सोडतो नाहीतर जीव देतो. म्हणून हा ब्राझीलचा सिनेमा लावला तेव्हा पहिला अर्धा तास मी धसका घेऊनच बसलो होतो. तसलं काही झालं नाही.

डॅनियल रिबेरोचा हा २०१४ चा सिनेमा, बर्लिन महोत्सवात टेडी पुरस्कार, म्हणजे समलिंगी विषयांवरच्या सिनेमांना देतात तो, मिळालेला. हीच गोष्ट त्यानं चार वर्षं आधी, हीच तीन मुलं घेऊन, छोट्या फिल्ममध्ये सांगितली होती. म्हणूनच असेल, त्या तिघांचं एकमेकांशी वागणं कुठंही शिकवलेलं वाटत नाही.

लिओनार्दो जन्मापासून आंधळा. वर्गात ब्रेलच्या मशीनवर टाइप करतो, तिचा खडखडाट होतो म्हणून मागची पोरं त्याला पिडतात. जिओवाना रोज त्याला हाताला धरून घरी सोडते. मग वर्गात गॅब्रिएल येतो. लिओला तो कसा दिसतो ते कधीच कळणार नाही, तरी जीव जडतो तो त्याच्यावरच. गॅब्रिएलची विसरलेली हूडी लिओ रात्री अंगात घालून तिचा वास घेत पडतो, तो प्रसंग मी तीनदा बघितला. तिथं एक शब्द बोललेला नाही.

पण मला धरून ठेवलं ते थिएटरच्या प्रसंगानं. दोघं सिनेमाला जातात आणि पडद्यावर काय चाललंय ते गॅब्रिएल लिओच्या कानात सांगत राहतो. मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून आठवीला बेळगावात आलो, तेव्हा मला कन्नड धड येत नव्हतं. माझ्या बाकावरच्या मित्राची आई कन्नड बोलणारी. दहावीच्या वर्षी आम्ही कन्नड सिनेमाला गेलो, आणि तीन तास तो माझ्या कानाशी तोंड आणून एकेक डायलॉग मराठीत सांगत होता. गोष्ट काय होती ते आज आठवत नाही. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता, तो आठवतो. हे नुसत्या दोस्तीपलीकडचं आहे म्हणायला त्या वयात माझ्याकडं शब्द नव्हता. ‘बायल्या’ तेवढा होता, त्या शब्दानं पोरं मला पाठीमागून हाक मारायची.

ग्रहण बघायला दोघं रात्री बाहेर पडतात, तेव्हा सूर्य, पृथ्वी, चंद्र कसे येतात ते गॅब्रिएल दगड मांडून लिओच्या हाताला समजावतो. प्रेमाचा याहून चांगला प्रसंग मी अलीकडं बघितलेला नाही.

सहलीचा भाग जरा लांबलाय. जिओवानाचा रुसवा मात्र फार लवकर मिटतो, तिच्या वाट्याला आणखी दोन प्रसंग यायला हवे होते. बाकी लिओला एकट्यानं कुठं सोडायला न धजणारी आई अगदी आपल्याकडची वाटते. सबटायटल इंग्रजी आहेत, पण वाक्यं सोपी आहेत, आमच्या मराठी शाळेतल्या दहावीच्या पोरालाही जमतील. त्या पोरांनी बघावा, आणि त्यांच्या सरांनी तर जरूर.

दुसऱ्यांदा मी तो अक्काबरोबर बघितला. माझं तिला २०१८ पासून माहीत आहे, सप्टेंबरात कलम ३७७ चा, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण असला सिनेमा दोघांनी मिळून कधी बघितला नव्हता. तिला इंग्रजी येत नाही. मी तिच्या शेजारी बसून एकेक वाक्य सांगत होतो. हूडीच्या प्रसंगाला तिनं विचारलं, “त्याच्या आईला कळलं असंल काय रे?” मी म्हटलं, दाखवलेलं नाही.

शेवटी सायकल लिओ चालवतो आणि गॅब्रिएल मागं उभा राहून वाट सांगतो. नावं यायला लागली तशी अक्का म्हणाली, “ते सायकलचं परत लाव की.”