अप्पांची आतड्याची तपासणी: दुर्बीण टाळायला गेलो त्याचा अनुभव

आमचे अप्पा ६४ वर्षांचे, खानापूरकडे शेती, दुर्बीण (कोलोनोस्कोपी, म्हणजे मागनं कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात ती) नको म्हणजे नकोच म्हणून हटून बसले. मग बेळगावात दुसऱ्या तपासण्या केल्या, कुणाच्या तरी घरी उपयोग होईल म्हणून लिहितोय.

पहिली शौचाची फिट (FIT) टेस्ट, शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते बघणारी. घरीच काडीला जरासं लावून बाटलीत घालायचं आणि लॅबला द्यायचं, पोट साफ करायला नको, मटण सोडायला नको. रक्तच शोधणाऱ्या जुन्या ग्वायाक टेस्टला मात्र खाण्याचं पथ्य असतं, एका लॅबनं आम्हाला न सांगता तीच करून दिली, रिपोर्ट वाचल्यावर कळलं, त्यामुळे नाव विचारूनच पैसे भरा. काही त्रास नसलेल्या माणसाला फिट एकदम चांगली, पण दरवर्षी करायला लागते. अप्पांची पॉझिटिव्ह आली. मूळव्याध आहे की, त्याचंच रक्त, म्हणाले. डॉक्टर म्हणाले आत बघितल्याशिवाय तसं धरून चालायचं नाही.

तरी दुर्बीण नकोच, मग सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे मोठ्या आतड्याचा सीटी स्कॅन. आम्हाला वाटलं यात तरी दुर्बिणीसारखी आतडं साफ करायची जुलाबाची पावडर नसेल, कुठलं काय, तीच पावडर, तेवढंच पाणी! कागद कन्नड आणि इंग्लिशमध्ये, आतेभावानं वाचून दाखवला. खानापूरहून सकाळी बसनं येणं शक्यच नव्हतं म्हणून शहापुरात आत्याकडे मुक्काम, रात्रभर अप्पांच्या परसात फेऱ्या आणि आत्या पेजेचं पाणी गाळून देतेय. स्कॅन मात्र सोपं, मागनं बारीक नळीतून गॅस भरतात, पोट तट्ट फुगतं, एकदा उताणं एकदा पालथं झोपवतात, भूल नाही, पाव तासात बाहेर. आतड्याच्या आतल्या बाजूला कोंब (पॉलिप) वाढतात, त्यातले बारीक आणि चपटे यात सुटू शकतात. अप्पांचा एक सेंटीमीटरचा दिसला, पण सीटीत नुसता दिसतो, काढता येत नाही. म्हणजे परत पावडर, परत आत्या.

गिळायच्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलचं पण विचारलं होतं, पण त्यात साफसफाई अजून जास्त आणि मिळणार फक्त फोटो.

शेवटी दुर्बीणच. झोपेचं इंजेक्शन दिलं, उठल्यावर अप्पा विचारतायत, सुरू कधी करणार? कोंब तिथंच तारेच्या फासानं काढला, बायोप्सीत कॅन्सर नाही, पण ठेवला असता तर पुढं होऊ शकला असता असा अडेनोमा निघाला. फिट पॉझिटिव्ह आली, रक्त पडतंय, वजन उतरतंय, तर मधल्या टेस्टवर पैसे घालवू नका हो, आमचे दोन महिने त्यातच गेले.

आम्हा भावंडांना चाळिशीनंतर थेट दुर्बीणच करा म्हणून सांगितलंय. माझी पुढच्या महिन्यात आहे, आत्याला सांगून ठेवलंय.