स्लो कुकरमधला लझानिया : आठ महिने वापरल्यावर

मंद आचेवर तासन् तास शिजवणारा साडेचार लिटरचा अंडाकृती विजेचा कुकर, सिरॅमिकचं भांडं, काचेचं झाकण, २१० वॅट. आठ महिन्यांच्या वापरात एक अख्खा गोव्याचा पावसाळा आला. वरून खरपूस, तांबूस थर हवा असेल तर हे यंत्र घेऊ नका. कोंडलेल्या वाफेत वरची बाजू शंभर अंशांपुढे जातच नाही. चीज वितळतं, भाजत नाही. मऊ, रसरशीत लझानिया (पास्त्याच्या पट्ट्या, टोमॅटोचा रस्सा, पांढरा सॉस आणि चीज यांचे थर) मात्र मे महिन्यातही स्वयंपाकघराची भट्टी न करता मिळतो.

सगळा खेळ पाण्याचा. पट्ट्या उकडायच्या नाहीत, कोरड्याच रचायच्या; २०० ग्रॅम पुरतात. त्या रश्शातलं पाणी पितात, म्हणून रस्सा ओव्हनच्या लझानियापेक्षा किंचित सैल लागतो. पण इथे काहीच आटत नाही, त्यामुळे जास्तीचं पाणी तळाशी तसंच साचतं. बाजारातले गावठी टोमॅटो आंबट आणि पाणचट. एक किलो गॅसवर आटवून ६०० ग्रॅमवर आणा, मगच वापरा. पांढऱ्या सॉसला ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मैद्यामुळे सॉस तासन् तास टिकतो. नुसतं दूध किंवा दही घातलंत तर फुटणार.

चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं मसालेदार सॉसेज) घालायचं तर २५० ग्रॅम पुरे. आवरण काढून कांद्याबरोबर आधी पातेल्यात पूर्ण शिजवा आणि सुटलेली चरबी गाळून घ्या, नाहीतर वर लाल तेलाचा तवंग येतो. त्यात मीठ आणि व्हिनेगर मुळातच भरपूर असतं. रश्शात वेगळं मीठ घालू नका. आंबटपणा मारायला एक गाजर किसून टाका. शाकाहारी थरासाठी तांबडी भाजी (लाल माठ) वाफवून मुठीत घट्ट पिळा. न पिळता घातली की पांढरा सॉस गुलाबी होतो आणि तळाला डबकं. अळंबी (पावसाळी रानमशरूम) यात घालू नये. पावसात एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू चीजखाली गाडायची म्हणजे पापच.

रचताना तळाला आधी रस्सा, मग पट्ट्या तोडून बसवा. भिंतीपासून एक सेंटिमीटर आत ठेवा, कारण या कुकरची तापणारी तार तळाला नसून बाजूंना गुंडाळलेली असते. भिंतीला टेकलेली पट्टी काळी, चामड्यासारखी होते. प्रत्येक पट्टी रश्शाखाली गेलीच पाहिजे; बाहेर राहिलेला कोपरा शेवटपर्यंत कडक राहतो. झाकणाखाली स्वच्छ सुती फडकं ताणून बसवा, टोकं झाकणावर दुमडून घ्या. थेंब ते पितं. फडक्याविना केला तर वर पाण्याची तळी दिसतात. २०० ग्रॅम मोझरेला शेवटच्या वीस मिनिटांत घाला. सुरुवातीपासून घातलं तर तेल सोडून रबर होतं.

वेळ ‘हाय’वर अडीच ते तीन तास, ‘लो’वर चार ते साडेचार. हे आकडे पूर्ण व्होल्टेजचे. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की गणित बिघडतं: २३० चे १९० झाले तर २१० वॅटचे जेमतेम १४३ उरतात, कारण वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. म्हणून घड्याळ सोडा. मधोमध सुरी खुपसा, अडखळली नाही की झालं. सारखं झाकण उघडून बघणं नको, साठलेली वाफ निघून जाते. वीज गेलीच तर जाड सिरॅमिक अर्धा-पाऊण तास निभावून नेतं. नीट तापण्याआधीच जाऊन मांसाचा लझानिया दोन तासांहून जास्त कोमट पडून राहिला, तर टाकून द्या. चोरीसचा मोह इथे आवरायचा.

बंद केल्यावर भांडं बाहेर काढून अर्धा तास थांबा. लगेच कापला तर थर घसरतात, ताटात सूप. रात्री रचून फ्रिजमध्ये ठेवायचा बेतही फसतो: पट्ट्या पाणी पिऊन एकमेकींना चिकटतात, आणि गार भांडं तापत्या कुकरमध्ये ठेवल्यास तडकू शकतं. गरम भांड्यात गार पाणीही ओतू नये. कडेचं काळं वलय कोमट पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवलं की सुटतं.

उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी गार असतानाच बिडाच्या तव्यावर थेंबभर तेलात मंद आचेवर ठेवा, वर झाकण. सात-आठ मिनिटांत खालून कुरकुरीत होतो.